खरं

देवधर मॅडम पुण्याहून आल्या,
तीन दिवस उद्यमबागेत राहिल्या,
फाउंड्रीच्या कँटीनमध्ये पडदा लावून
नवी मोल्डिंग लाइन दाखवली.
मग एकेकाला विचारलं: बदल मान्य आहे का?
भरमा मुचंडीकर म्हणाला, "होय, खरं…"
निंगाप्पा कडोलकर म्हणाला, "होय, खरं…"
पॅटर्नशॉपचा दस्तगीर म्हणाला, "होय, खरं…"
त्रेचाळीस नावांपुढे बरोबरची खूण करून
मॅडम संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या.
अहवालात लिहिलं: विरोध नगण्य.

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं
की आमच्या बेळगावात खरं म्हणजे पण.
मी टेबलाच्या कडेलाच बसलो होतो.
मला माहीत होतं. बोललो नाही.
परिवर्तन समन्वयक होऊन आठवडा झाला होता,
दारावर पाटी कन्नडात आणि इंग्रजीत,
मराठीत फक्त मी.

लाइन आली.
संप नाही, घोषणा नाही,
नुसता वेळ वाढला.
कन्व्हेयरमध्ये एकदा सळी सापडली,
एकदा कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.
वाळूचा ओलावा सांगणाऱ्या मीटरवर
रोज एक टॉवेल वाळत असायचा.
मी नोटीस लावली. मग दुसरी लावली.
दुसरीवर कुणीतरी चुन्याचं बोट पुसलं.

वरून फोन: माणसं नीट हाताळा.

हाताळा.
वीस वर्षांमागं मी इथंच वाळू हाताळायचो,
भरमाच्या हाताखाली:
मूठ आवळायची, उघडायची,
ढेकूळ दोन बोटांनी मोडायचं.
कडा भुरभुरली तर कोरडी,
बोटाला चिकटली तर ओली,
आणि स्वच्छ मोडली
तर भरमा काहीच म्हणायचा नाही.
त्याचं ते काही न म्हणणं
हे माझं पहिलं प्रमोशन.

एका रात्रपाळीत, चहाच्या वेळी,
त्याच्या शेजारच्या उलट्या पेटीवर बसलो.
"भरमाण्णा, त्या दिवशी खरं म्हणून थांबलास.
खरं काय?"
त्यानं बशी खाली ठेवली.
खिशातून पगाराची चिठ्ठी काढली, चार घड्यांची.
"वाच की."
हुद्दा: ऑपरेटर, प्रशिक्षणार्थी.
"एकावन्न वय हाय माझं.
रविवारी पोरगीला बघायला किणयेचे पाव्हणे येऊलेत.
बाप काय करतो म्हणून विचारले तर
शिकूलाय म्हणून सांगू?"

मशीनबद्दल तो अक्षर बोलला नाही.

त्या एका शब्दासाठी मी अकरा मेल पाठवले.
प्रणालीत दुसरा पर्याय नाही, असं दहांना उत्तर आलं.
अकराव्याला कुणीतरी, बहुधा कंटाळून,
'वरिष्ठ' टाइप केलं.
चिठ्ठी आली तोवर रविवार होऊन गेला होता.
पाव्हण्यांना काय सांगितलं
ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

टॉवेल तेवढा मीटरवरून उतरला.

मग एका सोमवारी, सगळ्यांसमोर,
त्यानं वाळू मुठीत घेतली,
डोळे मिटून म्हणाला, "तीन पॉइंट सहा."
मीटरवर तीन पॉइंट दोन.
कुणी हसलं नाही.
त्यानं नेहमीपेक्षा जास्त वेळ हात धुतले.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी
शेडमध्ये तो एकटाच दिसला.
मूठ आवळायची, आकडा पुटपुटायचा,
मीटर बघायचा,
पुन्हा मूठ.
मी खांबामागं थांबलो.
शिकूलाय, असं मनात आलं
आणि तो शब्द तसाच गिळला.

मार्चात मॅडम पुन्हा आल्या.
आता सुपरवायझरांचे अहवाल
संगणक आपणहून लिहिणार. तुमचं मत?
"होय," मी म्हणालो, "खरं…"
पेन खूण करायला खाली झुकलं.
मागच्या बाकावर भरमा खाकरला:
"मॅडम, थांबा की.
त्याचं अजून संपलं नाही."